एका साडीच्या दोन नोंदी

नागपूरच्या महाल भागात आणि इतवारीत मिळून पाच-सहा दुकानांचे हिशेब मी लिहिते. साड्यांचे एक, किराण्याची दोन, औषधांचे एक, भांड्यांचे एक असे. जीएसटीचे विवरण भरायचे, बँकेचे स्टेटमेंट आणि वही यांचा ताळमेळ घालायचा, वर्षअखेर सगळे बांधून सीएकडे नेऊन द्यायचे. केळीबाग रोड रुंद झाला तेव्हा कोणाच्या दुकानाचे किती फूट गेले हे मला मालकांइतकेच ठाऊक आहे, कारण ताळेबंदातून ते फूट मलाच काढावे लागले. हे सांगायचे कारण एवढेच, की क्रेडिट कार्डाचा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी दिसतो. दुकानात मशीनवर कार्ड टेकवणारीही मीच आणि महिनाअखेर त्याच मशीनचा हिशेब जुळवणारीही मीच.

कार्ड घेतले ते पुतणीच्या लग्नाच्या तोंडावर. बँकेचा मुलगा घरी येऊन सही घेऊन गेला. किराणा आणि औषधांवर ५ टक्के कॅशबॅक, बाकी खरेदीवर १ टक्का, सगळे मिळून महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये. वार्षिक फी ४९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. "ताई, किराण्यातच वसूल होऊन जाते," तो म्हणाला. त्याचे गणित बरोबर होते. महिन्याला हजाराचा किराणा धरला तरी ५ टक्क्यांनी वर्षाला ६०० होतात. फी जाऊन अकरा रुपये वर उरतात.

लग्नाच्या महिन्यात कार्ड भरपूर फिरले. घराजवळच्या किराणा दुकानात ३,८५०. मोठ्या सुपरमार्केटमध्ये २,३१६. सासूबाईंची औषधे ६४७. गाडीत दोनदा ५००-५०० चे पेट्रोल. महावितरणचे बिल १,९४०. आणि साड्या १२,४८० च्या, ज्याचे हिशेब मी लिहिते त्याच दुकानातून. देण्याघेण्याच्या साड्यांतली एक नंतर जास्त झाली. महालात घेतलेली साडी दुकानदार बदलून देतो, पैसे सहसा देत नाही. पण मी घरातलीच, म्हणून २,१५० मशीनवरूनच कार्डावर परत आले.

सोनेही घ्यायचे होते. सराफ्यात एका पेढीवर कार्ड काढले तर मालक हात आडवा करून म्हणाले, "कार्डावर दोन टक्के वरून लागतील जी." माझ्या कार्डावर सोन्याला कॅशबॅक शून्य. म्हणजे १८,००० वर ३६० रुपये देऊन काहीच मिळवायचे नव्हते. मशीन घेताना दुकानदार ज्या करारावर सही करतो, त्यात अशी वरकड मागायची नाही असे असते. पण सराफाच्या नफ्याचे माप मला माहीत आहे, त्यामुळे मी वाद न घालता यूपीआय केले.

पुढच्या महिन्याच्या बिलात एकच ओळ आली : कॅशबॅक जमा, २८७ रुपये. कोणत्या खरेदीचे किती, काही नाही. मी बसल्या बसल्या मांडले. दोन्ही किराणे आणि औषधे ५ टक्क्यांनी, साड्या १ टक्क्याने, पेट्रोल आणि वीज शून्य, परत केलेल्या साडीचे वजा. बेरीज ४४३ रुपये ९५ पैसे. फरक १५६ रुपये ९५ पैशांचा.

ताळमेळाच्या कामात एक सवय लागते. फरक आला की आधी तो कोणत्या एखाद्या नोंदीइतका आहे का ते पाहायचे. १५६.९५ कशाशीच जुळेना. मग शंका आली की हे लोक पैसे धरतच नसतील. म्हणून प्रत्येक नोंदीची शेपटी छाटली. १९२.५० चे १९२, ३२.३५ चे ३२, ११५.८० चे ११५, १२४.८० चे १२४. परतीच्या साडीचे २१.५० मात्र छाटून चालेना. ते २२ धरले तेव्हा बेरीज ४४१ आली आणि फरक झाला बरोबर १५४. आता तो ओळखीचा निघाला. घराजवळच्या किराण्याला ५ टक्के धरले तर १९२ आणि १ टक्का धरला तर ३८. वजाबाकी १५४.

म्हणजे दोन गोष्टी कळल्या. देताना बँक पैसे खाली ओढते आणि घेताना वर. त्यात माझे गेले २ रुपये ९५ पैसे. चहासुद्धा येत नाही त्यात, पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला अशी सोयीची गोळाबेरीज पाहवत नाही. माझ्या एखाद्या दुकानाने जीएसटीच्या विवरणात असे केले असते तर नोटीस मलाच आणून दाखवली असती. आणि दुसरी म्हणजे, ज्या दुकानात तूरडाळ, गूळ, पोहे आणि तेलाच्या पिंपाशिवाय काही नाही, ते दुकान बँकेच्या लेखी किराणा दुकान नव्हते.

कस्टमर केअरच्या मुलीने ऐकून घेतले आणि "मॅडम, मर्चंट कॅटेगरी कोडनुसार कॅशबॅक मिळतो" एवढे सांगितले. हा कोड चार आकडी असतो. कार्डाचे मशीन ज्याच्या नावावर निघते, त्याचा धंदा काय ते त्यावरून ओळखायचे. त्यासाठी आयएसओ १८२४५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. किराणा आणि सुपरमार्केट ५४११, औषधे ५९१२, पेट्रोल पंप ५५४१, सराफ ५९४४. कार्ड टेकवल्यावर बँकेकडे जो निरोप जातो त्यात डाळ-तांदूळ नसतात. रक्कम असते, दुकानाचा क्रमांक असतो आणि हा कोड असतो. किराणा दुकानातून मी केरसुणी घेतली तरी ५ टक्के, आणि जनरल स्टोअर्समधून तांदूळ घेतला तरी १ टक्का. मी काय घेतले याला किंमत नाही, कोणाकडून घेतले याला आहे; आणि तो कोण, हे कधीकाळी मशीन बसवायला आलेल्या एखाद्या मुलाने ठरवलेले असते.

घराजवळच्या त्या किराणा दुकानाचे तसेच झाले होते. त्यांचे हिशेब मी लिहीत नाही, पण विचारल्यावर दुकानाचे मालक भाऊ यांनी जुनी फाईल काढून दिली. मशीन घेतले तेव्हा दुकान त्यांच्या वडिलांचे होते. वह्या, बांगड्या, टिकल्या, साबण, थोडा किराणा असे. अर्जावर "जनरल" असे लिहिले गेले आणि कोड पडला ५३९९, म्हणजे सर्वसाधारण किरकोळ माल. पुढे बांगड्या गेल्या, वह्या गेल्या, किराणा वाढला. कोड तिथेच राहिला.

"मले तर हे काही माहीतच नव्हतं ताई," भाऊ म्हणाले. "पावतीवर कुठं राह्यते ते?"

पावतीवर राहतच नाही. मी त्यांच्या मशीनची पावती उजेडात धरून पाहिली. तारीख, वेळ, दुकानाचा क्रमांक, मशीनचा क्रमांक, बॅच, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मंजुरीचा क्रमांक, सगळे होते. ज्या एका आकड्यावर माझा कॅशबॅक ठरतो तेवढा नव्हता. आणि तो कागदही असा, की उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिला तर आठवड्यात कोरा.

बँकेला मी ईमेल केला. उत्तर सभ्य आले : कोड दुकानाच्या मशीनची बँक ठरवते, त्यावर आमचे नियंत्रण नाही, नियम व अटींनुसार कॅशबॅक योग्य आहे. अटी काढून पाहिल्या, तसे होतेच. मग भाऊंनी मशीनवाल्यांना फोन लावला. त्यांनी गुमास्ता परवान्याची प्रत, जीएसटीचा दाखला आणि दुकानाचा आतून-बाहेरून फोटो मागवला. कोड बदलला आणि पुढच्या बिलापासून ५ टक्के येऊ लागले. मागचे १५४ मात्र गेले ते गेलेच. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आले असते. २०२१ पासून ती सोय एकाच योजनेखाली आहे. बँकेने तीस दिवसांत ऐकले नाही तर फुकट तक्रार करता येते. पण कागदावर बँक चुकलेली नव्हती, आणि लोकपालाने कागदच पाहिले असते.

यात रास्त काय आणि गैर काय, याचा मी तेव्हा बराच विचार केला. महिन्याला ५०० ची मर्यादा मला रास्त वाटते, कारण ती आधी सांगितलेली होती. पेट्रोल, वीज, विमा, घरभाडे वगळणेही समजते. त्या व्यवहारांत बँकेला मिळतेच थोडे, मग देणार कुठून. पेट्रोलवर तर १ टक्का अधिभार आधी लावतात आणि मग माफ करतात, पण त्या अधिभारावरचा जीएसटी माफ होत नाही. ५०० च्या पेट्रोलमागे नव्वद पैसे. हे सगळे बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेले असते. कोड मात्र कुठेच लिहिलेला नसतो. कार्ड टेकवण्याआधी दर कळायला हवा आणि तो दुकानदारालाही सांगता येत नाही, हे मला पटत नाही. पावतीच्या कागदावर चार आकड्यांना जागा लागते ती किती.

माझा दर शेवटी पडला किती? परत केलेली साडी वजा जाता खर्च २०,०८३ आणि हातात २८७. दीड टक्क्याला थोडा कमी. जाहिरातीत ५ चा आकडा अंगठ्याएवढा होता.

एवढ्यावर विषय संपला असता, पण मग साडीच्या दुकानाचा ताळमेळ लिहायला घेतला आणि माझीच खरेदी दुसऱ्या बाजूने समोर आली. मशीनच्या बँकेने पाठवलेल्या हिशेबात ओळ होती : विक्री १२,४८०, शुल्क १.८० टक्के म्हणजे २२४ रुपये ६४ पैसे; त्यावर जीएसटी ४० रुपये ४४ पैसे; दुकानाच्या खात्यात जमा १२,२१४ रुपये ९२ पैसे. जीएसटीचे चाळीस रुपये दुकानाला खरेदीकराच्या वजावटीत मिळतात, ते सोडा. पण २२४ रुपये ६४ पैसे गेले, आणि त्यातले १२४ माझ्या बिलात कॅशबॅक म्हणून आले. उरलेले शंभर रुपये ६४ पैसे माझी बँक, मशीनची बँक आणि कार्डाचे नेटवर्क यांच्यात वाटले गेले. त्यातही मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. परत केलेल्या साडीचे बँकेने माझ्याकडून २२ काढून घेतले. त्याच साडीपोटी दुकानाचे कापलेले ३८ रुपये ७० पैसे मात्र दुकानाला कोणी परत केले नाहीत.

तोवर माझी समजूत अशी, की कॅशबॅक बँक देते. पैसा साड्यांच्या गल्ल्यातून आला होता. ही माहिती तशी गुप्त नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की सवलत, कॅशबॅक, पॉइंट असे जे काही बँक देते ते पारदर्शकपणे द्यावे, त्या लाभाचा स्रोत काय तेही सांगावे आणि त्याचा हिशेब बँकेच्या वह्यांत पडताळता यावा. माझ्या बिलात स्रोत म्हणून काहीच नव्हते. "कॅशबॅक जमा" एवढेच.

मालकांना मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. त्यांना कपात माहीत होती, पण ती गिऱ्हाइकाला जाते हे नव्हते माहीत.

"म्हणजे मी तुम्हाला सूट देऊन राहिलो आणि नाव बँकेचं?"

"हो ना."

"मग ताई, काउंटरवर तुम्ही मला ऐंशी सोडा म्हणत होत्या, ते काऊन?"

यावर मी विषय बदलला.

महालातल्या जुन्या दुकानांत कसर सोडायची रीत होती. रोख देणाऱ्याला वरचे सुटे सोडायचे, उधारीवाल्याला नाही. आमच्या बीकॉमच्या पुस्तकात त्याला रोख वटाव म्हणत आणि त्याची स्वतंत्र नोंद असे. त्यामागचा विचार सरळ होता : रोखीने दुकानाचा फायदा होतो, त्याचा तुकडा रोखवाल्याला द्यायचा. कार्डात ते उलटे झाले. दुकानाला महाग पडणाऱ्या गिऱ्हाइकाला बक्षीस आणि फुकट पडणाऱ्याला काही नाही. कारण भाव दोघांना एकच असतो. मालकांनी सहज सांगितले, "चिठ्ठी लावतानाच थोडं धरून चालावं लागते जी. कोण कार्ड काढंल, कोण नगद, आधी कुठं समजते?"

दुकानाच्या पुढे, ओट्यावर, एक वहिनी फॉल-पिकोचे मशीन घेऊन बसतात. माझ्या साड्यांचे फॉल त्यांनीच लावले. त्याच लग्नसराईत त्यांनीही भाचीसाठी याच दुकानातून साडी घेतली. रोखीने, कारण त्यांची सगळी मिळकतच रोख. चिठ्ठीवर जो भाव मला, तोच त्यांना. त्या भावात कार्डाचे जे थोडेसे धरलेले होते ते त्यांनीही भरले आणि त्यांच्याकडे ते कोणत्याच बिलात परत आले नाही. माझ्या १२४ रुपयांत त्यांचे किती, हे कोणताही हिशेब सांगू शकणार नाही. थोडे तरी आहेत, एवढे मात्र नक्की.

हा हिशेब देशपातळीवर मांडायचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या स्कॉट शू, ऑझ शाय आणि जोआना स्टाव्हिन्स यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधाप्रमाणे तिथले रोखीने चालणारे कुटुंब कार्डवाल्यांना वर्षाला सरासरी १४९ डॉलर देत होते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावर दुकानाच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणाऱ्या वाट्यालाच ०.३ टक्क्यांची वेसण घातली. एवढ्यातून १ टक्का, ५ टक्के वाटता येत नाहीत.

आपल्याकडे चित्र थोडे वेगळे. डेबिट कार्डाच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली : वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९० टक्के. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानाला शुल्क शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. दर दुकान आणि बँक आपसांत ठरवतात, आणि आपसांत म्हणजे कसे हे ज्याचे दुकान लहान त्याला विचारावे. बुधवार बाजारात भाजीवालीकडेही आज क्यूआर आहे. तिला त्याचे काही पडत नाही. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते; तिथेही लहान दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही. त्यामुळे महालात भुर्दंडाचा प्रश्न पोहे-समोशाचा राहत नाही. तो साडी, भांडी, मोबाईल, पंखा अशा खरेदीचा राहतो. लग्नसराईचा म्हणा.

कॅशबॅकचा पैसा आणखी एका झऱ्यातून येतो, आणि तो मला जास्त खुपतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने असेच कार्ड घेतले आणि बिलावर छापलेली "किमान देय रक्कम" भरत राहिला. वीस हजारांची बाकी. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. वर बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. टेकवल्या दिवसापासून व्याज. त्याला त्या महिन्यात कॅशबॅक आला होता पासष्ट रुपये, आणि तो त्याने मला कौतुकाने दाखवला. माझ्यासारखे पूर्ण बिल भरणारे लोक बँकेला फारसे कमावून देत नाहीत. आम्हाला खूश ठेवणे परवडते ते अशा मुलांमुळे. तान्ह्या पोळ्याला मारबतीसोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. साडेतीन टक्क्यांचा अजून निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

साडीच्या दुकानाच्या वहीत मी त्या वर्षापासून "कार्ड वटणावळ" असे वेगळे खाते उघडले. आधी ते बँक खर्चात मिसळून जायचे आणि कोणाला दिसायचे नाही. वर्षअखेर आकडा निघाला. मालकांच्या परवानगीने सांगते आणि थोडा गोल करून सांगते : वर्षाची विक्री ९० लाख, त्यातली क्रेडिट कार्डावरची २१ लाख, शुल्क ३७,८००, जीएसटी वेगळा.

"हा तर काउंटरवरच्या पोराचा तीन महिन्यांचा पगार आहे जी," मालक म्हणाले.

त्यांचा मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, बोर्ड लावू : रोख किंवा यूपीआय, १ टक्का कमी. कार्डवाल्याला बँक १ टक्का देते, आपण सरळ देऊ, आपले ०.८ वाचतील आणि नगदवाल्याचाही न्याय होईल. मलाही ते एकदम पटले. मग मी कागदावर मांडले. समजा बोर्डाने सगळे २१ लाख कार्डावरून यूपीआयवर आले. शुल्क वाचले ३७,८००. पण सूट द्यायची पूर्ण ९० लाखांवर, कारण जे ६९ लाख आजही रोख आणि यूपीआयने येतात तेही बोर्ड वाचणारच. सूट ९०,०००. म्हणजे न्याय करायला दुकानाला वर्षाला ५२,२०० घालावे लागणार. भाव १ टक्क्याने वाढवून मग सूट द्यायची म्हटले, तर शेजारच्या दुकानाची चिठ्ठी स्वस्त दिसणार. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणूनच कोणी बोर्ड लावत नाही."

त्या एका कागदाने मला बँकेच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त शिकवले. दुकानदार लबाड नाही, गिऱ्हाईक लबाड नाही, बँकेनेही नियम मोडलेला नाही. तरीही ओट्यावरच्या वहिनींचा पैसा माझ्या बिलात येतो आणि तो थांबवायला जो पुढे होईल त्यालाच खर्च पडतो. हे एका दुकानाने सुटणारे नाही. क्रेडिट कार्डाच्या शुल्काला डेबिटसारखी मर्यादा घातली तर कॅशबॅक आटेल आणि माझ्यासारख्या थोड्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. कार्डाची फी मी भरते, ती बिनव्याजी मुदतीसाठीही भरते; ४० दिवस दुसऱ्याचे पैसे फुकट वापरायला मिळतात हेच पुरेसे आहे, वरून बक्षीस कशाला, असे माझे मत झाले आहे. मत झाले म्हणून कार्ड मोडले नाही. औषधे आणि किराणा अजून त्यावरच होतात. भाऊंच्या दुकानात मी ५ टक्के घेते आणि त्यातले काही त्यांच्या खिशातून येतात हे मला माहीत असते, म्हणून तिथे आता "थोडं कमी करा" म्हणत नाही.

साडीच्या दुकानात बोर्ड लागला नाही. पण मालकांनी आपल्यापुरता एक नियम केला : पाच हजारांवर रोख किंवा यूपीआय असेल आणि गिऱ्हाइकाने स्वतःहून मागितले, तर टक्काभर सोडायचा. न मागणाऱ्याला काही बोलायचे नाही. मी ते वहीत पुन्हा "रोख वटाव" या जुन्या खात्यात लिहिते. सुरुवातीला महिन्याला दोन-तीन नोंदी असत, त्याही बहुतेक व्यापाऱ्यांच्याच घरच्या. मग मी फॉल लावायला टाकलेल्या साड्या घ्यायला गेले असताना वहिनींना हे सांगितले, आणि त्यांनी अर्थातच ते त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितले. चितार ओळीपासून कोतवालीपर्यंतच्या बाया काउंटरवर टक्का मागू लागल्या. मागच्या महिन्याची वही घेऊन बसले तर मालक समोर येऊन उभे.

"ताई, मी तुम्हाले हिशेब लिहायले ठेवलं का जी, का माझे गिऱ्हाईक शिकवायले?"

मी म्हटले, वटावाच्या एकोणीस नोंदी आहेत, आधी त्या तपासून सही करा.